जाड पाकीट

मासिकाला कथा पाठवणाऱ्या माणसाला पोस्टमनचा चेहरा कधी दिसत नाही, त्याच्या हातातल्या पाकिटाची जाडी तेवढी दिसते. पाकीट पातळ असलं किंवा नुसतं कार्ड असलं, तर कथा घेतली. जाड असलं, तर कथा घरी परत आली. आणि हे जाड पाकीटही लेखकानंच आधी स्वतःचा पत्ता घालून, स्वतःच्या खर्चानं तिकिटं लावून कथेसोबत दिलेलं असतं. म्हणजे आपली नाचक्की आपणच तिकीट काढून घरी बोलवायची. मोरेश्वर चौबळ आणि दामाजी भोईर या दोघांनी असं बोलावणं इतक्या वेळा धाडलं होतं, की ठाण्याच्या पोस्टातला खिडकीवरचा माणूस मोरेश्वरला बघितल्यावर "आज किती?" एवढंच विचारायचा.

दोघांची ओळख झाली एक्क्याऐंशी साली, कल्याणातल्या एका वाचनालयाच्या कथास्पर्धेत. दोघांनाही उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. प्रमाणपत्र आणि स्टीलची वाटी. शेवटच्या रांगेत शेजारी बसलेल्या उंच, काळ्या माणसानं वाटी उलटीसुलटी करून बघितली आणि मोरेश्वरच्या कानाशी म्हणाला, "पहिल्याला तांब्या, दुसऱ्याला पेला, आपल्याला वाटी. पुढच्या वर्षाला चमचा भेटंल." मोरेश्वरला व्यासपीठावर भाषण चालू असताना हसू आवरेना. मैत्री व्हायला एवढं पुरलं.

तशी दोघांची जोडी म्हणजे एक पूर्व तर एक पश्चिम. मोरेश्वर ठाण्याच्या खारकर आळीतला, सरकारी कचेरीत कारकून, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला शाईचं पेन. दामाजी मानपाड्याजवळच्या गावातला आगरी, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लेथवर टर्नर. कथेची वही तो डब्याच्या पिशवीत ठेवायचा, त्यामुळे त्याच्या कथांना सुक्या बोंबलाचा वास यायचा. शनिवारी त्याची पहिली पाळी सुटली की दोघं तलावपाळीवर भेटायचे, भेळ खायचे आणि एकमेकांना लिहिलेलं वाचून दाखवायचे. आपलं लिखाण कुणीतरी कान देऊन ऐकतंय, हे सुख दोघांनाही दुसरीकडे कुठंच मिळत नव्हतं.

कारण घरी काय चालायचं ते ऐका. मोरेश्वरचे वडील मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. दिवसभर ओटीवर बसून असायचे, टपाल आधी त्यांच्या हातात पडायचं. जाड पाकीट आलं की ते आत हाक मारायचे, "मोरू, तुझी लेक माहेरी आली रे!" दामाजीची तऱ्हा निराळी. "अरे, आमचे गावान पोस्टमन घरापर्यंत येतच नाय," तो सांगायचा. "वाण्याच्या दुकानात टाकून जातो. वाणी पाकीट हातावर तोलतो नि आख्ख्या गावाला सांगतो, दाम्याचा माल परत आला."

त्यावर तोड दामाजीनंच काढली. माझं तू पाठव, तुझं मी पाठवतो. परतीच्या पाकिटावर माझ्या कथेला तुझा पत्ता, तुझ्या कथेला माझ्या कंपनीच्या गेटचा. परक्याची लेक माहेरी आली तर कोण कशाला हसेल? मग त्यातून हळूहळू नियमच झाले. पक्की प्रत एकमेकांची करायची, म्हणजे चुका दिसतात. आपली कथा आपण पोस्टात टाकायची नाही. जाड पाकीट आलं तर तीन दिवसांत ती कथा दुसरीकडे रवाना करायची. आणि लेखकाला काय सांगायचं ते तलावपाळीवर, समोरासमोर, भेळ खाऊन झाल्यावर.

दामाजीनं हे व्रतासारखं पाळलं. मोरेश्वरची एक कथा होती, बदली झालेल्या कारकुनाची. ती नऊ ठिकाणांहून परत आली. दर वेळी दामाजी पाकीट फोडायचा, आत कुणी काही लिहिलंय का बघायचा, पानं तपासायचा. पहिलं आणि शेवटचं पान हाताळून मळतं, त्यावरून संपादकाला कळतं की ही बाई बऱ्याच घरचं पाणी पिऊन आली आहे. म्हणून ती दोन पानं तो दर वेळी नव्यानं लिहून काढायचा. लेथवर आठ तास उभं राहून आल्यावर. दहाव्या खेपेला पातळ पाकीट आलं, आणि चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत मोरेश्वर चौबळ हे नाव पहिल्यांदा छापून आलं. दामाजीनं त्या अंकाच्या तीन प्रती स्वतः विकत घेतल्या. एक कंपनीत ठेवली, एक घरी, आणि एक वाण्याला फुकट वाचायला दिली.

मोरेश्वरही पाळायचा नियम, नाही असं नाही. पण तीन दिवसांचे कधी आठ व्हायचे, कधी पंधरा. पाकीट फोडायच्या भानगडीत तो पडत नसे. जाड म्हणजे नकार, तो आणखी उघडून काय बघायचा? पाकीट तसंच्या तसं मोठ्या पाकिटात घालून तो पुढं धाडायचा. दामाजीच्या दोनच कथा छापून आल्या, त्याही लहान अंकांत. "तुझा हातगुण बरा हाय, माझा नाय," असं दामाजी म्हणायचा तेव्हा मोरेश्वर तलावाकडे बघायचा.

सत्त्याऐंशी साली दामाजीनं कादंबरी लिहायला घेतली. नाव 'उघाडी'. खाडीच्या बांधाला पाणी सोडायला फळ्यांचं दार असतं, ती उघाडी. दामाजीची आई जनाबाई लग्नाआधी मिठागरावर कामाला होती, तिच्याकडून ऐकलेलं सगळं त्यानं त्यात घातलं होतं. लिहून झालं की तो आईला वाचून दाखवायचा आणि ती मध्येच म्हणायची, "आरं तसा नाय. तवा वारा दर्यावरना येत व्हता." मग तो खोडून पुन्हा लिहायचा. म्हातारीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण आपल्यावर बुक निघणार म्हणून ती गावभर सांगत सुटली होती.

पक्की प्रत अर्थात मोरेश्वरनं करायची. आठ महिने लागले. रोज संध्याकाळी कचेरीतून आलं की चार पानं, पाच पानं. तेराव्या प्रकरणात एक जागा होती. भर दुपारी उधाणाच्या भरतीला उघाडीची फळी फुटते आणि चिखलाच्या पाट्या येईपर्यंत मिठागरातल्या बाया खांद्याला खांदा लावून त्या भगदाडात उभ्या राहतात. त्यात एकीला नववा लागलेला असतो. पाणी छातीपर्यंत येतं आणि त्या बाया एकमेकींना विचारत असतात, आज घरी कालवण काय करणार? मोरेश्वरनं ते उतरवून काढलं आणि पेन खाली ठेवलं. उठून पाणी प्याला. पुन्हा वाचलं. त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यामागोमाग दुसरं काहीतरी आलं, त्याला चांगलं म्हणता येणार नाही. गेली चौदा वर्षं आपण बदल्या, बढत्या आणि कचेरीतल्या पंख्यांवर लिहितो आहोत. आणि हा बोंबलाच्या वासाचा टर्नर हे लिहून बसला आहे. असं आपल्या हातून कधी होणार नाही, हे त्याला त्या संध्याकाळी लख्ख कळलं.

त्या शनिवारी दामाजीनं विचारलं, "कुठवर आलं?"

"तेरावं झालं," मोरेश्वर म्हणाला. "अक्षर जरा बरं काढत जा रे, डोळे जातात माझे."

आठ महिन्यांत ही कादंबरी कशी आहे, याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. दामाजीनंही विचारलं नाही. मोरूला आवडली नसती तर मोरू बोलला असता, असा त्याचा हिशेब असणार. किंवा विचारायची त्याला भीती वाटली असणार. लिहिणाऱ्या माणसाचं काही सांगता येत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर मोरेश्वरनं कादंबरी गिरगावातल्या एका जुन्या प्रकाशकाकडे धाडली. दर शनिवारी दामाजी विचारायचा, "आलं काय?" मोरेश्वर म्हणायचा, "कादंबरी आहे बाबा, वेळ लागतो." एकोणनव्वदच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी, कचेरीतून आल्यावर ओटीवर पाकीट दिसलं. वडील तोवर वारले होते, त्यामुळे हाक मारायला कुणी नव्हतं. पाकीट चांगलं उशीएवढं जाड होतं.

त्या पाकिटाकडे बघून मोरेश्वरला काय वाटलं, ते त्यानं पुढं कधी बायकोलाही सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, त्याला सुटल्यासारखं वाटलं. घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं. मग त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरम झाकायला त्यानं मित्राची काळजी पांघरून घेतली.

काळजीला निमित्तही तयार होतं. त्याच आठवड्यात दामाजीच्या कंपनीला टाळं लागलं. शनिवारी तलावपाळीवर तो आला तेव्हा त्याच्याकडे डब्याची पिशवी नव्हती. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसून राहिला. "बावीस वर्षं," एवढंच म्हणाला. भेळ त्यानं खाल्ली नाही. निघताना विचारलं, "आलं काय?"

"नाही रे, अजून नाही," मोरेश्वर म्हणाला.

दुष्काळात तेरावा महिना कशाला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. घरी जाऊन पाकीट न फोडता माळ्यावरच्या ट्रंकेत टाकलं. महिनाभरानं, दामाजी जरा सावरला की दुसरीकडे पाठवू. महिना गेला. मग उन्हाळा गेला. एकदा खोटं बोललं की त्याला रोज दाणापाणी घालावं लागतं. "अजून नाही." "त्यांच्याकडे माणसं कमी आहेत." "मी पत्र टाकलंय." सहासात वेळा विचारून दामाजीनं विचारणं सोडून दिलं.

पण दामाजीनं मोरेश्वरच्या कथा पाठवणं काही सोडलं नाही. कंपनीचं गेट गेलं म्हणून परतीच्या पाकिटांवर आता तो गावचा, घरचा पत्ता घालू लागला. म्हणजे जाड पाकिटं पुन्हा वाण्याच्या दुकानात पडू लागली आणि वाणी पुन्हा तोलू लागला. स्वतःची अब्रू वाचवायला ज्यानं ही युक्ती काढली, तो आता दुसऱ्याच्या कथांपायी गावात हसं करून घेत होता. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर त्याला वॉचमनची नोकरी मिळाली होती. तिथल्या टेबलावर बसून तो मोरेश्वरची पहिली आणि शेवटची पानं नव्यानं लिहायचा. एक्याण्णव साली त्यानं मोरेश्वरच्या बारा कथांचा गठ्ठा बांधला, चार प्रकाशकांकडे फिरवला आणि ठाण्यातल्या एका प्रकाशकाच्या गळी उतरवला. संग्रह निघाला. प्रकाशनाला तीसेक माणसं होती. अर्पणपत्रिकेत 'दामाजी भोईर यांस' असं छापलं होतं. दामाजी ते पान उघडून दारात उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.

समारंभ आटोपल्यावर खुर्च्या उचलता उचलता तो म्हणाला, "मोरू, त्या गिरगाववाल्यांना आता विचारू नकोस. नाय म्हणायला त्यांना लाज वाटत असंल. आयलाही सांगून टाकतो, बुक नाय निघायचा."

तेव्हा बोलायला हवं होतं. मोरेश्वरच्या गळ्यात हार होता, हातात पेढ्यांचा खोका होता. तो म्हणाला, "बघू रे."

त्यानंतर दामाजीनं काही लिहिलं नाही. जनाबाई त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात गेली. दहाव्याला मोरेश्वर गेला होता. तिथं एका बाईनं त्याला विचारलं, "आयच्यावर बुक लिवनार व्हते ते तुमीच काय?" मोरेश्वरनं मानेनं नाही म्हटलं आणि चपला शोधू लागला.

पंच्याण्णव साली मोरेश्वरच्या मुलीचं लग्न ठरलं आणि घर रंगवायला काढलं. माळा रिकामा करताना त्याच्या बायकोनं, कमलनं, ट्रंक खाली घेतली. पाकीट तिच्या हातात आलं. "हे कसलं? फोडलेलंसुद्धा नाही," ती म्हणाली. मोरेश्वरनं ते घेतलं. सहा वर्षांचा उशीर झाला खरा, पण आता तरी दुसरीकडे पाठवू, पानं शाबूत आहेत का तेवढं बघू, अशा विचारानं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दामाजीचं जाड पाकीट फोडलं.

हस्तलिखितावर टाचणीनं एक पत्र लावलं होतं.

'श्री. दामाजी भोईर यांस, स. न. वि. वि. आपली कादंबरी दोनदा वाचली. अनेक वर्षांत असं लिखाण हाती आलं नव्हतं. आम्ही ती छापायचं ठरवलं आहे. तेराव्या व चौदाव्या प्रकरणांत पेन्सिलीनं काही खुणा केल्या आहेत, तेवढं आपण पाहून घ्यावं म्हणून हस्तलिखित सोबत परत पाठवत आहे. मेअखेर आमच्याकडे आलं तर दिवाळीपूर्वी पुस्तक निघेल. न आल्यास आपण ते अन्यत्र दिलं असं समजू. मात्र तसं करू नये अशी विनंती.'

मोरेश्वर रंगाच्या डब्यांमध्ये जमिनीवर बसला. कमलनं पत्र वाचलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "देवा रे," ती म्हणाली, "म्हातारी होती हो तेव्हा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो गिरगावात गेला. प्रकाशक वारून तीन वर्षं झाली होती. मुलानं शाळेच्या गाइडांचा धंदा काढला होता. पत्रावरची बापाची सही बघून तो हळहळला, चहा मागवला आणि म्हणाला, "कादंबऱ्या आम्ही बंद केल्या, काका." मोरेश्वर तिथून थेट ठाण्यात आपल्या प्रकाशकाकडे आला. तेही चाचपडत धंदा करणारे. त्यांनी पत्र वाचलं, पानं चाळली. म्हणाले, "चौबळ, मला सगळी वाचायला वेळ नाही. तुम्ही लिहून काढली आहे ना? मग तुमच्या शब्दावर घेतो. चांगली आहे म्हणता ना?"

"चांगली आहे," मोरेश्वर म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, आणि तेही भलत्याच माणसाला.

"मग लेखकाची संमती आणा. बाकी मी बघतो."

म्हणजे अजून सगळं बुडालं नव्हतं. आई गेली होती, पण पुस्तक निघू शकत होतं. दामाजीनं फक्त हो म्हणायचं होतं. कमल म्हणाली, "सगळं सांगा त्यांना. काही लपवू नका आता." रविवारी हस्तलिखित पिशवीत घालून मोरेश्वर मानपाड्याला निघाला.

दामाजी अंगणात बाजेवर बसला होता. केस पिकले होते, गालफडं बसली होती. त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, "या भावजी" म्हणून पाणी आणून दिलं आणि ती चहा टाकायला आत गेली. मोरेश्वरनं प्रस्तावना केली नाही. पाकीट बाहेर काढलं, केव्हा आलं ते सांगितलं, न फोडता ठेवलं ते सांगितलं, आणि पत्र त्याच्या हातात दिलं.

दामाजीनं पत्र सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. मग पहिल्या ओळीतल्या आपल्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसला. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. मोरेश्वर वाट बघत होता, की हा आता ओरडेल, शिवी देईल, पिशवी भिरकावून देईल. त्यातलं काहीही त्याला चाललं असतं.

"कंपनी बंद पडलेली तेव्हा," दामाजी शेवटी म्हणाला. "मला लागू नये म्हणून नाय सांगितलंस. ते कळतं मला. मी पण नसतं सांगितलं."

"दामा, माझं चुकलं. माफी मागायलासुद्धा तोंड नाही मला."

"ते राहू दे. पण फोडलं का नाय रे?" त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकवेना. "तुझं एकूण एक पाकीट मी फोडलं. दर वेळी वाटायचं, आत काहीतरी असंल. चार शब्द असतील. तुला एकदा पण नाय वाटलं?"

मोरेश्वर रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

"म्हणजे ती कोन छापील, असं तुला वाटलंच नव्हतं."

मोरेश्वरनं घाईघाईनं प्रकाशकाचं सांगितलं. ठाण्याचे आहेत, छापायला तयार आहेत, नुसती तुझी सही हवी, मी जातीनं मुद्रितं तपासतो. दामाजीनं ते ऐकून घेतलं. मग बाजेवर जरा पुढं सरकून, अगदी तोंडासमोर येऊन, त्यानं विचारलं, "त्या प्रकाशकांचं सोड. तू हातानं लिहून काढली ती, आठ महिने. मी कधी विचारलं नाय, आज विचारतो. खरं सांग मोरू, तुला कशी वाटलेली?"

एवढंच सांगायचं होतं. तेराव्या प्रकरणाला मी पेन खाली ठेवलं, उठून पाणी प्यालो, आणि असं मला जन्मात जमणार नाही हे मला कळलं. ओठांवर आलंच होतं. पण त्याच्या मागं उभा असलेला पुढला प्रश्न मोरेश्वरला स्वच्छ दिसला. एवढी चांगली वाटली होती, तर जाड पाकीट बघून तू गप्प का बसलास? आळस केला, भोळेपणा केला, मित्राला जपायला गेलो, इतपत कबूल करायची त्याची तयारी होती. पण त्या क्षणभराच्या सुटल्यासारख्या वाटण्याचं काय सांगणार होता? चौदा वर्षं ज्यानं आपली पानं लिहून काढली, त्याच्या डोळ्यांत बघून?

"ठीक होती रे," मोरेश्वर म्हणाला. "म्हणजे... बरी होती."

दामाजीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. त्याचे खांदे जरा खाली आले, बस, एवढंच. सहा वर्षांचं नुकसान ऐकून जो माणूस ताठ बसून होता, तो या दोन शब्दांनी म्हातारा दिसू लागला.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "तुला आवडली असती तर तू बोलला असतास. तुझ्या पोटात राहतंय थोडंच?"

"अरे पण त्यांचं पत्र बघ ना! दोनदा वाचली म्हणतात. आणि ठाण्याचे—"

"त्यांना काय रे, धंदा करायचा असतो. माझं लिखाण तुझ्याइतकं कोनी वाचलंय? तू बरी म्हणतोस, म्हणजे बरीच असंल." त्यानं पत्र घडी करून हस्तलिखितात सरकवलं आणि गठ्ठ्याला दोरी बांधली. "नको छापूया. आयसाठी छापायची व्हती, ती गेली. आता लोकांनी बरी बरी म्हणावं म्हणून कशाला?"

मोरेश्वरनं तोंड उघडलं. आत्ता म्हणालो, मी खोटं बोललो, तर तो विश्वास ठेवेल का? हा आपली समजूत काढतोय, एवढंच त्याला वाटेल. आणि तसं वाटलं नाही, तर मग बाकीचं सगळं सांगावं लागेल. मोरेश्वरनं तोंड मिटलं.

मनुबाई चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून तिनं विचारलं, "कं जालं?"

"कय नाय," दामाजी म्हणाला. "जुनी वही गावली. आत ठेव."

चहा पिताना त्यानं मुलीच्या लग्नाचं विचारलं, कार्यालय कुठलं घेतलंय ते विचारलं, आणि म्हणाला, "वहिनींना सांग, भांडी उचलायला चार पोरं मी आणतो." मोरेश्वर निघाला तेव्हा तो त्याला रिक्षापर्यंत सोडायला आला. वाटेत मोरेश्वरला रडू फुटलं. रस्त्यावर, लोकांदेखत. दामाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे, किती मनाला लावून घेशील? मोठं काय गेलं नाय मोरू. तूच म्हणालास ना, बरी होती."